सांधा

हुबळीहून धारवाडला निघालं की उणकलचं तळं मागं पडतं, भैरिदेवरकोप्प जातं आणि मग अमरगोळ येतं. रेल्वेनं गेलात तर उणकल, अमरगोळ, नवलूर अशी तीन लहान स्टेशनं दोन शहरांच्या मध्ये लागतात. नवलूरचे पेरू आले की धारवाड आलंच. बसनं गेलात तर हल्ली ‘चिगरी’ नावाच्या बसच्या काचेतून बाजार समितीचं आवार दिसतं. पोत्यांची थप्पी, उभे ट्रक, धूळ. माझे वडील, आप्पा, त्या आवारात एका अडत दुकानाचे दिवाणजी होते. आमचं घर मराठी, हुबळीतलं. दुकानात हिशेब कानडीत, घरात भांडणं मराठीत, आणि आकडे मात्र आप्पा आयुष्यभर मराठीतच पुटपुटले.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. कांद्याचे दिवस असले की आवारात ढिगांची रांग लागायची. ढिगाशेजारी बायका बसून कांदा निवडत असायच्या. एवढा ढीग संपणार कसा, हा माझा प्रश्न. मला वाटायचं, चौघी आहेत, ढिगाचे चार भाग करावेत, प्रत्येकीनं आपला कोपरा संपवावा. त्या तसं करत नव्हत्या. एकाच ढिगातून मोठा माल एका बाजूला, मध्यम दुसरीकडं, गोल्टी तिसरीकडं, जोडकांदा आणि मोड आलेला वेगळा, असं हातानं चाललेलं असायचं. ढिगाचे चार कोपरे केले असते तर एका ढिगाचे चार ढीग झाले असते आणि चारही तितकेच मिसळलेले राहिले असते. व्यापारी येतो, ढिगात हात खुपसतो आणि हाताला लागलेल्या सगळ्यांत वाईट कांद्याकडं बघून भाव बोलतो. चार ढिगांना तोच भाव मिळाला असता. निवडून केलेल्या वकलाला मात्र आपापला भाव असतो. शेतकऱ्याचं वर्ष त्या फरकावर उभं असतं.

मोठ्या कामाचे लहान भाग करावेत, हे आपल्याला शाळेत, कचेरीत, व्याख्यानांत सतत सांगितलं जातं. मीही ते सांगत आले आहे. पण भाग करणं ही एकच गोष्ट नाही, कोपरे पाडणं वेगळं आणि निवडणं वेगळं, हे त्या बायकांच्या हातांत मी पाहिलं होतं. कळायला मात्र पुढं कितीतरी वर्षं गेली.

आप्पांचा गुणाकार तोंडी असे. सदतीस पोती, पोत्याला अठ्ठेचाळीस. पेन्सिल कानावरच राहायची. सदतीस पन्नासं अठराशे पन्नास, त्यातून सदतीस दुणे चौऱ्याहत्तर वजा, सतराशे शहात्तर. अठ्ठेचाळीस ही संख्या त्यांनी चाळीस अधिक आठ अशी फोडली नाही, पन्नास वजा दोन अशी फोडली. फोडण्याआधी ती त्यांनी न्याहाळली होती. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली, त्यांना आठवत नव्हतं. पुढं भास्कराचार्यांची ‘लीलावती’ हाती आली तेव्हा मी थबकले. ग्रंथ ११५० सालचा, भास्कराचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे. गुणाकारासाठी त्यांनी उदाहरण घेतलं आहे १३५ गुणिले १२. उत्तर १६२०. आणि त्या एका उत्तराकडं जायच्या कितीतरी वाटा दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार करा, दोन्हींनी वेगवेगळं गुणा, बेरीज करा. किंवा बारा म्हणजे तीन चोक; आधी एकानं गुणा, मग दुसऱ्यानं. किंवा एकं-दहं सुटे करा. किंवा आपल्या सोयीची संख्या मिळवून अथवा वजा करून गुणा आणि नंतर तेवढं परत फेडा. ही शेवटची वाट म्हणजे आप्पांची पन्नास वजा दोन. साडेआठशे वर्षांपूर्वीची रीत अमरगोळच्या पेढीवर, बिनागुरूची, रोज वापरात होती.

भास्कराचार्यांनी या वाटा ओळीनं मांडल्या, पण सगळ्यांत बरी कुठली ते सांगितलं नाही. ते सांगता येतच नाही. बारा असेल तर तीन चोक चालतं; तेरा असेल तर त्याला तसे अवयव नाहीत. भाग कुठं पाडायचा ते संख्येनंच आधी ठरवलेलं असतं. आपण फक्त ते ओळखायचं.

देकार्तनं १६३७ साली आपल्या पद्धतीचे चार नियम लिहिले. त्यांतला दुसरा असा, की प्रत्येक अडचणीचे जमतील तितके आणि गरजेइतके भाग करावेत. आधुनिक विचाराच्या पायथ्याशी हा नियम आहे असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण पुढच्या पिढीतल्या लाइब्निझनं त्यावर जे बोट ठेवलं ते मला देकार्तपेक्षा महत्त्वाचं वाटतं. भाग करण्याची कला समजावून दिल्याशिवाय या नियमाचा फारसा उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं. नवखा माणूस भलत्या ठिकाणी भाग पाडेल आणि होती ती अडचण वाढवून ठेवेल.

वाढवून ठेवलेल्या अडचणीचं उदाहरण शोधायला मला परदेशात जावं लागत नाही. अमरगोळच्या आवारात जो माल येतो त्याच्यामागच्या शेतांकडं बघावं. बाप जातो, चार भाऊ वाटणीला बसतात. एक काळ्या मातीचं रान, एक मुरमाड माळ, एक ओढ्याकाठचा पट्टा. न्याय हवा. मग काळ्या रानाचे चार, माळाचे चार, पट्ट्याचेही चार. प्रत्येकाला प्रत्येकातलं थोडं मिळालं. कुणाच्या मनात किंतु राहिला नाही. पण एका माणसाचं शेत आता तीन ठिकाणी. बैल एकीकडून दुसरीकडं नेण्यात सकाळ जाते, विहीर एकाच तुकड्यात निघते, बांधांखाली जमीन जाते, आणि बांधांवरून कोर्टात पैसा. पुढच्या पिढीत पुन्हा चार. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास करून १९१७ साली छापला. तिथं १७७१ साली एका खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. आणि त्या सातांचेही पुन्हा विखुरलेले तुकडे. मुंबई प्रांतानं १९४७ साली तुकडे पाडण्याला बंदी घालणारा आणि पडलेले तुकडे जोडू पाहणारा कायदा केला. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. जमीन जोडायला सरकार निघालं, पण तुकडा पडायला एक दुपार पुरते आणि जोडायला पिढ्या लागतात.

मला त्या भावांना दोष देववत नाही. ते न्यायानंच वागले. चूक एवढीच, की न्याय त्यांनी मातीत मोजला. शेत म्हणजे माती, पाणी, वाट, बैल आणि माणूस यांचा एक जुळलेला व्यवहार असतो, आणि त्यांच्या दोरीनं तो नेमका मधोमध कापला. दहा एकरांचं शेत चार ठिकाणी कापलं की अडीच-अडीच एकरांची चार शेतं होत नाहीत; पुष्कळदा एकही होत नाही.

अशीच एक रेघ १९५६ च्या नोव्हेंबरात आमच्या घरांजवळून गेली. धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलं. रेघ कुठंतरी ओढावी लागतेच, हे मला मान्य आहे, आणि या मातीची भाषा कानडी आहे हेही. पण धारवाडच्या साधनकेरीत द. रा. बेंद्रे राहात होते. घरची भाषा मराठी, कविता कानडी, आणि मराठीतही लिहिणं चालू. त्यांच्या आत रेघ कुठून जाणार होती? काही गोष्टींना त्या ठिकाणी सांधाच नसतो.

सांधा हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. पाथरवटाकडून तो घेतला. मोठ्या धोंड्यावर घण घालण्याआधी तो धोंड्याभोवती फिरतो, पाणी टाकतो, हातोडीनं वाजवून बघतो, कान देतो. नस कुठं जाते ते कळल्यावर त्या रेषेवर छिन्नीनं ओळीनं भोकं पाडतो, भोकांत पाचरी बसवतो, आणि सगळ्या पाचरींना आळीपाळीनं थोडं थोडं ठोकतो. धोंडा जवळजवळ आवाज न करता उघडतो. नस सोडून घाव घातला तर त्याचा चुरा होतो, आणि चुऱ्याचं देऊळ बांधता येत नाही.

देऊळ म्हटलं की पुन्हा अमरगोळ. रस्त्यावरून दिसणारं अमरगोळ म्हणजे बाजार, पण गावात शिरलात तर शंकरलिंगाचं आणि बनशंकरीचं देऊळ आहे, दोन्ही कल्याणी चालुक्यांच्या काळातली. भास्कराचार्य गणित लिहीत होते तोच साधारण काळ. आप्पा मला तिथं सावलीला घेऊन जायचे. बादामी-पट्टदकलच्या जुन्या चालुक्यांचा दगड वालुकाश्म, त्याच्या भल्यामोठ्या शिळा. अकराव्या शतकात या भागातल्या कारागिरांनी दगड बदलला. इथून पस्तीसएक किलोमीटरवर अण्णिगेरीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, १०५० च्या सुमाराचं; नव्या मऊ, हिरवट-काळसर दगडात बांधलेल्या पहिल्या देवळांत त्याची गणना होते. हा दगड खाणीत पातळ थरांत मिळे. शिळा लहान झाल्या. हेन्री कझिन्स यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं आहे, की या बदलामुळं देवळांच्या भिंतींवरच्या कामाचं मापच लहान झालं.

मोठी शिळा मिळत नाही म्हणून रडण्यासारखंच होतं ते. पण या लोकांनी त्यातून जे काढलं त्यानं मी अजून थक्क होते. भिंतीकडं नीट बघा. चौकोनी छपराचं छोटं देऊळ, त्याला कूट म्हणतात. लांबट, पिंपासारख्या छपराचं देऊळ, ती शाला. समोरून नालाच्या आकाराचं दिसणारं, ते पंजर. सगळी भिंत, आणि वर शिखराचा एकेक मजला, अशा चिमुकल्या देवळांनी रचलेला असतो. ॲडम हार्डी या अभ्यासकानं कर्नाटकातल्या द्राविड देवळांवर मोठं काम केलं. या शैलीचं देऊळ म्हणजे देवळांचं देऊळ, असं ते दाखवून देतात. दगडाचा ठोकळा हे बांधकामाचं माप झालं. कल्पनेचं माप मात्र एक अख्खं देऊळ, फक्त वीतभर उंचीचं. कारागिरानं एक कूट पुरं केलं, की त्यानं एक देऊळ पुरं केलेलं असे. मोठ्याचा तुकडा त्याच्या हाती नव्हता; लहान पूर्ण वस्तू होती.

माझ्या मनात जे बऱ्याच वर्षांपासून घोळतं आहे ते इथं येऊन ठेपतं. भाग असा हवा, की त्यात पूर्णाचा चेहरा दिसावा. मला हे गाण्यात कळलं, आणि तेही चुकून.

बावीस-तेवीस वर्षांची असताना मी धारवाडला एका बाईंकडं शिकायला जायची. किराणा घराण्याचं गाणं. त्यांनी पुरिया काढला. मी आप्पांची मुलगी. घरी येऊन वही उघडली. सहा स्वर: षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, निषाद. पंचम नाही. प्रत्येक स्वर तंबोऱ्यावर पक्का करायचा, मग दोन-दोनांच्या जोड्या, मग तीन-तीनांचे पलटे, मग ताना. चाळीस ताना लिहून काढल्या, रोज चार. दोन महिन्यांत वही संपली. बाईंसमोर बसून सगळं म्हणून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

“सूर खरे आहेत गं तुझे,” त्या म्हणाल्या. “पण पुरिया कुठाय?”

मग त्यांनी स्वतः तेच सहा स्वर घेतले आणि मारवा गायल्या. पुन्हा तेच सहा, आणि सोहनी. तिन्ही रागांचे स्वर अगदी तेच. मारव्यात रिषभ आणि धैवत वर येतात, षड्ज जणू टाळला जातो, मन लागत नाही. पुरिया गंधार-निषादांच्या आधारानं खालच्या सप्तकात स्थिरावतो. सोहनी वरच्या षड्जाभोवतीच भिरभिरते. मी रागाचे स्वर पाडले होते, आणि पाडता पाडता रागच सांडला होता. वहीत जे उरलं होतं त्याला पुरिया, मारवा, सोहनी यांपैकी काहीही म्हणता आलं असतं.

याचंही गणित जुनं आहे. सात स्वरांची मांडणी ५०४० प्रकारांनी होते. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात हे प्रकार क्रमानं शोधायची खंडमेरूची रीत दिली आहे: कितव्या क्रमांकावर कुठली रचना, किंवा हातातली रचना कितवी. हा शार्ङ्गदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी होता, आणि पेशानं दरबारच्या हिशेबखात्याचा मुख्य. त्याच सिंघणाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘लीलावती’चा शेवटही अंकांच्या मांडण्या मोजणाऱ्या अंकपाशानंच होतो. शार्ङ्गदेव आणि चंगदेव कधी एका सावलीत बसून बोलले असतील का, या विचारात माझ्या कितीतरी बसफेऱ्या सरल्या आहेत. पण शार्ङ्गदेव दिवाणजी असूनही गाफील नव्हता. मांडण्यांचा हिशेब एका ठिकाणी, आणि रागांचं विवेचन त्यानं निराळ्या अध्यायात केलं. ५०४० मांडण्या त्याला मोजता येत होत्या, आणि त्या मोजण्यातून राग निघत नाही हेही त्याला माहीत असणार.

बाईंनी माझी वही बंद केली. पुढचे कित्येक आठवडे फक्त एवढंच: गंधारावरून मंद्र निषादावर उतरायचं, कोमल रिषभाला नुसतं शिवायचं आणि षड्जावर यायचं. चार स्वरांचा एक वाक्यखंड. एवढ्यात पुरिया पुरा होता. कुणी दारावरून गेला असता तरी त्यानं ओळखला असता. मग त्याच्या शेजारी दुसरा, मग वर मध्यम-धैवताकडं नेणारा तिसरा. किराण्यात ज्याला बढत म्हणतात ती हीच. राग एकेका स्वरानं उलगडत जातो, पण प्रत्येक पायरीवर तो तितका पूर्ण असतो.

हुबळीच्या गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडं शिकायला रेल्वेनं कुंदगोळला जात. गुरुजींनी आपल्याला कंजूष माणसासारखे स्वर खर्चायला शिकवलं, एकेक करून, म्हणजे ऐकणारा पुढच्या स्वराची वाट बघत राहतो, असं त्या सांगत. मला यातला कंजूष फार आवडतो. कंजूष माणूस नाणं लहान आहे म्हणून जपत नाही. एका नाण्यात त्याला सगळी पेटी दिसत असते. आणि वाट बघणं! पुढचा स्वर अजून आलेला नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्याची जागा तयार आहे. दोन भागांच्या मधल्या त्या जागेत गाणं असतं.

मधल्या जागेचं आणखी एक उदाहरण सांगते, ते आप्पांना फार भावलं असतं. १९६० साली मॉस्कोत कोल्मोगोरोव या थोर गणितज्ञानं असं अनुमान मांडलं, की मोठ्या संख्यांच्या गुणाकाराला शाळेतल्या रीतीपेक्षा मुळात जलद रीत असूच शकत नाही. आठवड्याभरात तेवीस वर्षांच्या करात्सुबानं ते खोटं ठरवलं. ४७ गुणिले ३२ घ्या. फोडले की चार छोटे गुणाकार होतात: चार त्रिक, चार दुणे, सात त्रिक, सात दुणे. फोडण्यानं काम सुटसुटीत झालं, पण कमी नाही झालं. करात्सुबानं दोन टोकं घेतली, चार त्रिक बारा आणि सात दुणे चौदा. मग फोडलेले अंक पुन्हा जोडले: चार आणि सात अकरा, तीन आणि दोन पाच, अकरा पाचे पंचावन्न. त्यातून बारा आणि चौदा वजा, उरले एकोणतीस. मधला आकडा हाती आला. बाराशे, दोनशे नव्वद आणि चौदा, एकूण १५०४. चार गुणाकारांऐवजी तीन. संख्या शेकडो अंकी झाल्या की त्या वाचलेल्या एकामुळं अफाट फरक पडतो. मधलं त्यानं फोडून मिळवलंच नाही, जोडून मिळवलं.

आप्पा गेले तेव्हा त्यांच्या मागं वह्यांनी भरलेलं कपाट होतं, औषधांची बिलं होती, बँकेची कामं होती, आई होती. माणसं आपुलकीनं सांगत होती, एकेक काम घे, यादी कर. मी यादी केली. यादीत कागद बसले, पेन्शन बसलं, गॅसचं पुस्तक बसलं. रोज एकदोन ओळी खोडत होते, आणि खोडलेल्या ओळींबरोबर दुःख मात्र कमी होत नव्हतं, कारण ते कुठल्याच ओळीत नव्हतं. एके दिवशी आईनं त्यांची एक वही उघडली आणि म्हणाली, “ह्यांचा सात बघ, कसा वाकडा काढायचे.” आम्ही दोघी ती एक वही घेऊन संध्याकाळभर बसलो. आकडेच होते, पोती आणि वजनं. पण त्यांचं पुटपुटणं त्यात होतं, कानावरची पेन्सिल होती, घाईच्या दिवशीचं तिरपं अक्षर होतं. एका वहीत ते पुरे होते. दुसऱ्या दिवशी दुसरी उघडली. कपाटाला पावसाळा लागला. त्या काळात यादी कुठं गेली ते आम्हाला कळलं नाही. त्यातली कामं मात्र झाली.

अजूनही आठवड्यातून एकदा धारवाडला जाते. बाई थकल्या आहेत, शिकवत नाहीत. मी जाऊन नुसती बसते. येताना-जाताना अमरगोळ लागतं. आवारात आता वजनकाटे इलेक्ट्रॉनिक आहेत, भाव मोबाइलवर कळतात, पण कांद्याच्या दिवसांत ढिगाशेजारी बायका तशाच बसलेल्या दिसतात, आणि त्यांचे हात तसेच चालतात. बाजार मागं पडला की मी खिडकीकडं तोंड करते आणि हलक्या आवाजात तो खंड धरते. गंधारावरून मंद्र निषाद, तिथून कोमल रिषभाला नुसतं शिवायचं. किती शिवायचं, ते अजून बसत नाही. जास्त झालं तर मारवा डोकावतो. नवलूर येईपर्यंत तीनदा म्हणून होतं. तिसऱ्यांदा जरा बरं येतं.